खाणीच्या गावात पाहुणे नेताना

अॅडलेडमधल्या मराठी घरी भारतातून पाहुणे आले की फिरवायची यादी ठरलेली असते. बारोसाचे द्राक्षमळे, ग्लेनेलगचा किनारा, हॅनडॉर्फची जर्मन दुकानं, आणि सुट्टी असली तर कांगारू आयलंड. आमच्या घरच्या यादीत ब्रोकन हिलही असतं. पाचशे किलोमीटरच्या वर गाडी हाकायची, वाटेत झुडपं, तारांची कुंपणं आणि क्वचित एखादा इमू, आणि शेवटी काय, तर शिसं, जस्त आणि चांदीची खाण! पाहुणे आधी आमच्याकडे संशयानं बघतात. "बघायला काय आहे तिथं?" हा प्रश्न निघायच्या आधी येतोच. सांगण्यासारखा धबधबा नाही, समुद्र नाही, राजवाडा नाही. एका हॉटेलाचं नाव पॅलेस आहे खरं, त्याबद्दल पुढे.

पाहुणे नेऊन आणून मला एवढं कळलं आहे, की या गावातली बघण्यासारखी जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी कुणाच्या तरी कामाची होती. काम संपलं किंवा बदललं, आणि ती पाहुण्यांना दाखवायला उरली. त्यामुळे नुसतं 'छान आहे' म्हणून पुढे सरकलं तर दीड दिवसात गाव संपतं. इथं कोण राबत होतं, असं विचारत हिंडलं तर तीन दिवसही पुरत नाहीत.

१. पहिली सकाळ ढिगाऱ्यासाठी ठेवा.

गावाच्या मधोमध एक लांबच लांब काळपट डोंगर आहे. नवख्या माणसाला वाटतं, हीच ती 'हिल'. ती नव्हे. मूळ टेकडी खणून खणून केव्हाच संपली. समोर दिसतो तो खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचा ढीग. माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, बल्लारपूरच्या कोळसा खाणीत ओव्हरमन होते. गाडीतून उतरायच्या आधीच ते म्हणाले, "बेटा, हे तर आपलं ओबी आहे." चंद्रपूरकडच्या माणसाला ओबी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कोळशापर्यंत पोचण्यासाठी उपसलेल्या मातीचे तिथले डोंगर सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.

१८८३ साली चार्ल्स रास्प नावाचा माणूस इथल्या माउंट गिप्स मेंढवाड्यावर कुंपण राखायला होता. काळ्या खडकाची ही टेकडी बघून त्याला वाटलं, कथील सापडलं. कथील नव्हतंच. रास्प आणि मेंढवाड्यावरचेच सहा जण मिळून सात जणांनी भागी केली. पुढे एका वाट्याची किंमत पत्त्यांच्या डावावर ठरली, असं सांगतात. १८८५ मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही कंपनी निघाली. आज जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांत जी बीएचपी मोजली जाते, ती हीच. आणि गंमत अशी, की १९३९ मध्ये बीएचपी हे गाव सोडून गेली. नाव घेऊन गेली, ढिगारा इथं राहिला. दुसऱ्या कंपन्यांनी खाणकाम चालू ठेवलं, ते अजून थांबलेलं नाही.

ढिगाऱ्याच्या माथ्यावर खाणकामगारांचं स्मारक आहे. २००१ मध्ये ते खुलं झालं. गंजक्या रंगाच्या तिरप्या लोखंडी भिंतींमधून चालत जायचं, आणि दोन्ही बाजूंना आठशेहून जास्त नावं, सालवार. प्रत्येक नावापुढं मरणाचं कारण. दगड कोसळला. शाफ्टमध्ये पडला. सुरुंग वेळेआधी उडाला. सुरुवातीच्या वर्षांत वारंवार येणारं कारण म्हणजे शिशाची विषबाधा. बाकी पाहुणे इथं पाच मिनिटांत बाहेर येतात आणि शेजारच्या अवाढव्य लाल बाकावर चढून फोटो काढतात. त्या बाकावर मोठी माणसंही लहान मुलासारखी पाय लोंबकळत बसतात. मलाही तो आवडतो, पण स्मारकाला खेटून तो कशाला ठेवला, ते मला आजवर पटलेलं नाही.

बाबा मात्र नावं सोडून कारणंच वाचत राहिले. दगड कोसळून मेलेल्यांची संख्या दशकागणिक कशी उतरत गेली, ते त्यांनी बोटं मोजून मला दाखवलं. कुठल्या वर्षापासून छताला आधार द्यायची पद्धत सुधारली असेल, याचा अंदाजही बांधला. मी त्या भिंतींमधून आधी कितीदा तरी गेले होते. त्या भिंतींवर सुरक्षेचा इतिहास वाचता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून पाहुण्यांना मी आधी इथंच आणते. इथून सगळं गाव खाली पसरलेलं दिसतं: पत्र्याची छपरं, आणि अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड अशा नावांचे सरळ रस्ते. रसायनशास्त्राच्या पुस्तकातून पत्ता शोधायचा असं हे गाव आहे.

२. घड्याळाला सिडनीची वेळ लावू नका.

ब्रोकन हिल न्यू साऊथ वेल्समध्ये असलं तरी घड्याळ दक्षिण ऑस्ट्रेलियाचं चालतं, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागं. सिडनीहून आलेले पाहुणे सगळीकडे अर्धा तास आधी पोचून बंद दारासमोर उभे असतात. कारण जुनं आहे. सिडनी अकराशे किलोमीटरवर, अॅडलेड त्याच्या निम्म्याहून कमी. इथलं धातुक वितळवायला जायचं ते पोर्ट पिरीला, तेही दक्षिण ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या सरकारनं शेजारच्या राज्याची रेल्वे आपल्या हद्दीत येऊ दिली नाही, तेव्हा १८८८ मध्ये एका खासगी कंपनीनं सरहद्दीपर्यंतचा तुकडा बांधला. सिल्वर्टन ट्रामवे म्हणतात तो हाच. तो १९७० पर्यंत चालला. सल्फाइड स्ट्रीटवरच्या जुन्या स्टेशनात आता रेल्वे संग्रहालय आहे. इंजिनांची आवड असणाऱ्यांना तिथं सोडावं आणि आपण शांतपणे कॉफी प्यावी.

३. खाणीत उतरायचं तर गुडघ्यांना विचारून उतरा.

चालू खाणीत पाहुण्यांना नेत नाहीत. बघायला मिळते ती डे ड्रीम ही १८८०च्या दशकातली जुनी खाण, सिल्वर्टनच्या रस्त्यावरून आत वळून. शेवटचे काही किलोमीटर कच्चा रस्ता आहे. गाडी भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू पडतो का, ते गाडी घेतानाच विचारून ठेवा. बरेचदा पडत नाही.

डोक्याला हेल्मेट, कमरेला बॅटरी, आणि मग दगडी पायऱ्यांनी खाली. छत इतकं बुटकं, की साडेपाच फुटांच्या माणसालाही वाकावं लागतं. हेल्मेट दगडाला आपटल्याचा टकटक आवाज सगळ्या गटातून येत राहतो, आणि पहिल्या पाच मिनिटांनंतर कुणी हसत नाही. कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार इथं मेणबत्तीच्या उजेडात हातानं छिद्रं पाडत. एक जण पहार धरायचा, दुसरा तिच्यावर घण घालायचा. पोरंही कामाला असत.

बाबांनी खाली गेल्यावर पहिलं काय केलं असेल, तर हातातल्या काठीनं छत ठोकून पाहिलं. पक्क्या दगडाचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा पोकळ. खाणीत नोकरी केलेल्या माणसाचा हात निवृत्तीनंतरही छताकडे जातो. वाट दाखवणारी बाई ते बघून थांबली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी पुढचा अर्धा तास दोघं लाकडी टेकूंबद्दल हातवारे करत बोलत होते. बाकीचा गट ताटकळला. वर आल्यावर स्कोन, जॅम, साय आणि चहा मिळतो. अंग धुळीनं माखलेलं असताना खाल्लेले ते स्कोन अॅडलेडच्या कुठल्याही कॅफेपेक्षा चांगले लागतात.

गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी वरच थांबावं. त्यात काही कमीपणा नाही. खाणीच्या तोंडापाशी जुन्या भट्टीचे आणि दगडी घरांचे अवशेष हिंडून बघता येतात.

४. मशीद कधी उघडी असते ते आधी विचारा.

गावाच्या उत्तर टोकाला, जुन्या उंटतळावर, गंजलेल्या लाल रंगाच्या पन्हळी पत्र्याची एक छोटी मशीद आहे. ती रोज उघडत नाही, ऐतिहासिक संस्थेचे स्वयंसेवक ठरावीक वेळी उघडतात. आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. मात्र यादीतून काही गाळायचंच झालं तर दुसरं काहीही गाळा, हे गाळू नका.

रेल्वे येण्यापूर्वी आणि रेल्वे पोचत नव्हती तिथं या वाळवंटातली सगळी वाहतूक उंटांवर चालायची. लोकर, पीठ, पाण्याच्या टाक्या, तारायंत्राचे खांब, पियानोसुद्धा. उंट आणि त्यांना हाकणारी माणसं आली ती अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब आणि सिंधमधून. इथल्या गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणून टाकलं. पहिली मोठी खेप टॉमस एल्डर नावाच्या जमीनदारानं १८६५ मध्ये मागवली. शंभराहून अधिक उंट आणि त्यांच्यासोबतचे उंटवाले जहाजावर चढले ते कराचीच्या बंदरात.

कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सिंध १९३६ मध्ये वेगळा होईपर्यंत तिथला कारभार मुंबईच्या गव्हर्नराकडे असे. म्हणजे ज्या इलाख्यात पुणे, सातारा, रत्नागिरी होते, त्याच इलाख्यातून ही माणसं ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आली. हे मी पाहुण्यांना सांगते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा 'परक्यांची मशीद' हा भाव जरा हलतो. आत जागा आपल्या दहा बाय बाराच्या खोलीहून थोडी मोठी. नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी दारात एक लहान पन्हळ. कपाटात उंटाच्या नाकात घालायच्या वेसणखुंट्या, काही फोटो, काही पुस्तकं. बायकामुलांना सोबत आणायची मुभा बहुतेकांना मिळाली नाही. काहींनी इथल्या आदिवासी किंवा गोऱ्या बायकांशी लग्नं केली, आणि त्यांचे वंशज अजून या भागात राहतात. मोटारलॉऱ्या आल्यावर उंट बेकार झाले आणि रानात सोडून दिले गेले. आज ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागात रानटी उंटांचे कळप हिंडतात ते त्यांचेच.

५. एक जानेवारी १९१५ ची गोष्ट अर्धी ऐकू नका.

त्या दिवशी नववर्षाच्या सहलीसाठी सुमारे बाराशे माणसं धातुकाच्या उघड्या वाघिणींत बसून सिल्वर्टनकडे निघाली होती. गावाबाहेर दोन उंटवाल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक गुल महंमद, त्या काळी आइस्क्रीमची गाडी लावणारा. दुसरा मुल्ला अब्दुल्ला, खाटीक आणि धर्मगुरू. जवळ तुर्की झेंडा होता, कारण पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान ब्रिटिशांच्या विरुद्ध उतरला होता. तुर्क मात्र दोघांतला एकही नव्हता. चार लोक मेले, आणि हे दोघंही पांढऱ्या खडकांच्या टेकाडावर पोलिसांशी लढताना मारले गेले.

गावात सांगणारे बहुतेक इथं थांबतात. त्या रात्री जमावानं जर्मन क्लब जाळला, ज्याचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. मग जमाव उंटतळाकडे निघाला, त्याला पोलिसांनी अडवलं. मुल्ला अब्दुल्लाला परवान्याशिवाय मेंढी कापल्याबद्दल दंड झाला होता, आणि रस्त्यात पोरं त्याला दगड मारत. यानं गोळीबार क्षम्य ठरत नाही. पण एवढं ठाऊक असलं तर त्या टेकाडावर उभं राहणं निराळं होतं. तिथं आइस्क्रीमच्या गाडीची प्रतिकृती ठेवली आहे. हौशी पाहुण्यांनी तिच्याशेजारी कोन खातानाचा अभिनय करू नये, ही माझी हात जोडून विनंती.

६. पाण्याचा माग काढा.

हे मला उशिरा सुचलं, आणि आता तीच माझी आवडती वाट आहे. सुरुवात पॅलेस हॉटेलपासून करा. दारूबंदीवाल्यांनी १८८९ मध्ये हे 'कॉफी पॅलेस' म्हणून बांधलं. खाणकामगारांच्या गावात दारू न विकता तीन मजली हॉटेल चालवायचं! काही वर्षांतच तिथं दारूचा परवाना आला. १९७०च्या दशकात मारिओ चेलोत्तो या इटालियन माणसानं ते घेतलं आणि छतावर स्वतःच बॉतिचेल्लीची व्हीनस रंगवली. पुढं गॉर्डन वे या आदिवासी चित्रकाराकडून जिने, भिंती, छतं सगळी भरून घेतली. अट एकच: प्रत्येक चित्रात पाणी हवं. झरे, तळी, धबधबे, सगळं भडक रंगांत. १९९४ च्या 'प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट' या सिनेमात हे हॉटेल आहे, आणि बहुतेक लोक त्यासाठीच येतात. कलेच्या जाणकारांना ही चित्रं बटबटीत वाटतील. बाहेर बेचाळीस अंश तापलेलं असताना आत जाऊन बघा, मग बोला.

गावात खरं पाणी किती होतं, तर जवळजवळ नाही. दुष्काळात रेल्वेनं पाणी आणावं लागे. लातूरच्या माणसाला हे सांगायची गरज पडत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून आलेली पाण्याची गाडी सगळ्यांना आठवते. ब्रोकन हिलला पुढं शंभरेक किलोमीटरवरच्या मेनिंडीच्या तळ्यांतून नळ आला. तीही आटू लागली तेव्हा मरे नदीवरच्या वेंटवर्थहून २७० किलोमीटरची पाइपलाइन टाकली, ती २०१८ च्या अखेरीस पुरी झाली. नंतर काहीच दिवसांत मेनिंडीला लाखो मासे मरून वर तरंगले. गावाला मरेचं पाणी दिलं ते वरच्या अंगाच्या कापूसवाल्यांसाठी डार्लिंग नदीचं पाणी मोकळं करायला, असं कडवटपणे सांगणारी माणसं पबमध्ये हमखास भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये, ऐकावं.

या वाटेचा शेवट गावाभोवतीच्या हिरव्या पट्ट्यात होतो. पर्यटनाच्या पत्रकात तो एका ओळीत उरकतात. खाणींना लाकूड आणि चुलींना सरपण म्हणून आसपासची झाडं तोडली गेली, उरलेलं शेळ्यामेंढ्यांनी आणि सशांनी फस्त केलं, आणि वाळूची वादळं घरांत शिरू लागली. आल्बर्ट मॉरिस हा खाणीत धातुकाची परीक्षा करणारा माणूस, वनस्पतींचा नादी. १९३६ मध्ये त्याचं म्हणणं एका खाण कंपनीनं ऐकलं: फक्त कुंपण घाला, गुरं आणि ससे बाहेर ठेवा. थोडी झाडं लावली, पण बाकीचं जमिनीतल्या बियांतून आपसूक उगवलं. मॉरिस १९३९ मध्ये वारला, पट्टा पुढं गावाभोवती वाढत गेला. कुंपणालगत उभं राहिलं की एका बाजूला राखाडी सॉल्टबुश आणि दुसऱ्या बाजूला उघडी माती स्पष्ट दिसते. चराईबंदीचं रान पाहिलेल्या आपल्याकडच्या कुणालाही ते लगेच कळतं.

७. कामगारांचं गाव होतं, याचे दोन्ही अर्थ बघा.

सल्फाइड आणि ब्लेंड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ट्रेड्स हॉल ही कामगार संघटनांची देखणी इमारत आहे. १९१९-२० मध्ये इथल्या कामगारांनी दीड वर्ष संप केला आणि आठवड्याला पस्तीस तासांचं काम मिळवलं. जगात फार थोड्या ठिकाणी तेव्हा हे होतं. मुंबईच्या गिरणगावात वाढलेले आमचे एक स्नेही ते ऐकून बराच वेळ गप्पच झाले.

संघटनांचा वचक इतका, की गावात नोकरी कुणाला मिळायची तेही त्याच ठरवत. बाहेरून आलेल्याला 'फ्रॉम अवे' म्हणत, अजूनही म्हणतात, तुम्ही तीस वर्षं राहिलात तरी. आणि लग्न झालेल्या बाईनं बहुतेक नोकऱ्या सोडायच्या, हा नियम १९८१ पर्यंत टिकला. एका विवाहित तरुणीनं नोकरी सोडायला नकार दिला तेव्हा तो मोडला. पस्तीस तासांचं मला कौतुक आहे, पण हे दुसरं सांगितल्याशिवाय मी ट्रेड्स हॉलसमोरून कुणाला पुढं नेत नाही.

८. चित्रं आणि शिल्पं एका दिवशी नकोत.

प्रो हार्ट वीस वर्षं खाणीत राबला, आणि मग देशभर नाव झालेला चित्रकार ठरला. त्याच्या दालनात खाणकामगार, मुंग्या, चतुर आणि त्यानं जमवलेल्या रोल्स-रॉइस गाड्या आहेत. तोफेतून रंग उडवून चित्रं काढायचीही त्याची पद्धत होती. सगळी चित्रं सारखीच चांगली नाहीत. खाणीतली बघा, फुलदाण्यांची सोडा.

शिल्पं गावाबाहेरच्या टेकडीवर आहेत. १९९३ मध्ये निरनिराळ्या देशांतून आलेल्या शिल्पकारांनी वाळूच्या दगडात बारा शिल्पं तिथंच घडवली. मेक्सिकोच्या अँटोनियो नावा तिराडोनं दगडाला आरपार गोल भोक पाडलंय. सूर्य मावळताना ते पेटतं, आणि त्याच्यासमोर फोटोवाल्यांची रांग लागते. मला बॅजर बेट्सचं शिल्प जास्त जवळचं वाटतं. तो इथल्याच बार्किन्जी लोकांतला, आणि ही टेकडी त्याला परकी नाही. गर्दी नको असेल तर सूर्योदयाला जा.

९. सिल्वर्टनहून उजेडी परता.

पंचवीस किलोमीटरवरचं सिल्वर्टन एके काळी तीन हजार वस्तीचं चांदीचं गाव होतं. ब्रोकन हिल सापडल्यावर माणसं गेली आणि काही घरंही उचलून घेऊन गेली. आता एक पब, जुना तुरुंग, काही चित्रकार आणि रस्त्यात मोकाट गाढवं. 'मॅड मॅक्स २' इथं चित्रित झाला, त्याचं संग्रहालयही आहे. पलीकडे मुंडी मुंडीचं मैदान उघडतं, आणि क्षितिजापर्यंत नजर अडवणारं काही नाही.

सूर्यास्त बघायचा मोह आवरा, किंवा बघितलाच तर परतताना गाडी साठाच्या वर नेऊ नका. कांगारू रस्त्यावर येतात ते नेमके संधिप्रकाशात, आणि दिव्याकडे धावत येतात.

१०. फ्लाइंग डॉक्टरांच्या तळावर घाई नको.

वीस डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे, त्या जॉन फ्लिन या पाद्र्यानं १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून विमानानं डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगरचा पायानं चालवायचा रेडिओ आला. वीज नसलेल्या मेंढवाड्यावरची बाई सायकलसारखे पेडल मारत डॉक्टरशी बोलू लागली. ब्रोकन हिलचा तळ जुन्यांपैकी आहे आणि आजही इथून विमानं उडतात. एखादं तुमच्या डोळ्यांदेखत निघालं, तर ते प्रात्यक्षिक नसतं.

मला आवडते ती तिथली औषधांची पेटी. प्रत्येक मेंढवाड्यावर एकच प्रकारची पेटी, औषधांना नावांऐवजी आकडे. डॉक्टर रेडिओवर फक्त आकडा सांगणार. नऊ नंबर संपला होता म्हणून कुणी पाच आणि चार मिळून घेतल्याची गोष्ट सगळे सांगतात. खरी असो वा नसो, बाबा त्या गोष्टीवर दोन दिवस हसत होते.

११. पोटाचं आणि हातांचं.

शाकाहारी मंडळींचे हाल होतील हे गृहीत धरून खिचडीचं सामान न्यावंच. तरी पॅटन स्ट्रीटवरच्या बेल्स मिल्क बारला जा. आतलं सगळं १९५०च्या काळातलं, आणि दुधात घालायची सरबतं घरची. चीझस्लॉ हा खास इथला पदार्थ: किसलेलं चीझ, गाजर आणि मेयोनेज, ब्रेडमध्ये घालून. ज्यांना अंडं चालत नाही त्यांनी मेयोनेजचं विचारावं.

आणि खाण्याआधी हात धुवा, लहान मुलांचे आधी. इथल्या धुळीत शिसं आहे. गावातल्या मुलांचं रक्त नियमित तपासतात आणि त्याबद्दल मोकळेपणानं बोलतात. दोन दिवसांच्या पाहुण्यानं घाबरायचं कारण नाही, पण बूट मात्र खोलीबाहेर काढा.

१२. उन्हाळा टाळा, आणि परतताना फळं उरवू नका.

मे ते सप्टेंबर हे दिवस बरे. रात्री थंडी बोचते, दिवसा हिंडता येतं, माशाही कमी. निघताना टाकी भरा, यंटाला पुन्हा भरा, माणशी निदान पाच लिटर पाणी गाडीत ठेवा. मोबाइल मधल्या मोठ्या पट्ट्यात चालत नाही, त्यामुळे घरी कधी पोचणार ते ब्रोकन हिलमधूनच कुणाला तरी कळवा.

दक्षिण ऑस्ट्रेलियात फळमाशी शिरू नये म्हणून ऊडला विरा इथं तपासनाका आहे. तिथं गाडीतली फळं टाकून द्यावी लागतात, लपवली तर दंड. बाबांना हे आधी सांगितलं होतं, तरी त्यांनी ब्रोकन हिलच्या दुकानातून संत्र्यांची जाळी घेतलीच. विदर्भातला माणूस, संत्रं फेकणं त्यांच्या रक्तात नाही. यंटाच्या पेट्रोल पंपावर गाडी लावून आम्ही चौघांनी ती सगळी संपवली. "नागपूरची नाहीत," असं म्हणत सर्वांत जास्त त्यांनीच खाल्ली.